छावणीच्या बुकात नसलेली मुलगी

आमच्या घराण्यातली सगळी माणसं एका भाटाच्या वहीत होती. दर तीन-चार वर्षांनी हा भाट मारवाडातून यायचा, जुन्नरच्या पेठेत माझ्या चुलत्यांच्या घरी आठ-दहा दिवस मुक्काम ठोकायचा, दोन्ही वेळ तुपाची धार सोडून जेवायचा आणि निघायच्या दिवशी तांबड्या फडक्यात बांधलेली लांबट वही सोडून मधल्या काळात जन्मलेले मुलगे तिच्यात चढवायचा. मुली तो लिहीत नसे. मुलगी लग्न होऊन जिथं जाईल तिथला भाट तिला कुणाची तरी बायको म्हणून लिहील, अशी त्यांची रीत. त्या वहीत माझं नाव आहे, माझ्या वडिलांचं आहे, आजोबांचं आहे, आणि ज्यांची राख कुठल्या वाळूत मिसळली ते कुणाला ठाऊक नाही अशा कितीतरी पुरुषांची नावं आहेत. माझ्या बहिणीचं नाही.

आई दर खेपेला दाराआडून त्याला विनवायची, "माझी मुलगी तेवढी लिहा."

"बाईसा, वहीत मुलीला जागा नाही," भाट म्हणायचा, "आणि तुमची तर आहे की नाही हेच कुणाला माहीत नाही."

भाट गेला की आई दोन दिवस कुणाशी बोलत नसे. मी लहान असताना मला तिची दया यायची. पुढे राग यायला लागला. पंचविशीला पोचेपर्यंत रागही संपला आणि नुसता कंटाळा उरला. ज्या बहिणीला मी कधी पाहिलं नव्हतं ती आमच्या घरात माझ्यापेक्षा जास्त जागा अडवून बसली होती. मला ताप आला तरी आई म्हणायची, "तिला आला असेल तर कोण बघत असेल?" अशा बहिणीवर माया कशी करायची ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

झालं होतं ते असं. संवत छप्पनच्या दुष्काळात मारवाडातल्या आमच्या गावी विहिरींना तळ दिसले तेव्हा माझे वडील, आई आणि चार वर्षांची मुलगी अशी तिघं गाव सोडून निघाली. मी आईच्या पोटात होतो. जुन्नरला वडिलांचे सख्खे भाऊ आधीच येऊन कापडाचं दुकान चालवत होते, त्यांच्याकडे जायचं होतं. पुण्यापर्यंत रेल्वे, पुढे बैलगाडी. पण ते प्लेगचे दिवस होते. घोडेगावच्या अलीकडे, नदीकाठच्या माळावर, परगावाहून येणाऱ्यांना अडवून ठेवायची छावणी होती. काट्याचं कुंपण, गवताच्या झोपड्या. गाडीतून उतरतानाच वडिलांना ताप होता.

आत गेलेली लहान मुलं बाहेर येत नाहीत, असं आईनं गाडीतल्या बायकांकडून ऐकलं होतं. कुंपणाबाहेर एक डोंगरातली बाई बाजाराला आणलेलं हिरड्याचं ओझं उतरवून बसली होती. आईला मराठीचा एक शब्द येत नव्हता. तिनं मुलीला उचललं, कुंपणावरून त्या बाईच्या हातात दिलं आणि हाताची पाच बोटं तीनदा दाखवली. पंधरा दिवस. बाईनं मान हलवली. एवढाच काय तो करार.

वडील सहाव्या दिवशी गेले. आईला मग ताप चढला, ती महिनाभर शुद्धीत नव्हती. बरी झाल्यावर चुलते येऊन तिला जुन्नरला घेऊन गेले. आमच्यात नवरा गेला की बाईनं कोपरा धरायचा. वर्षभर एका खोलीत, अंधाऱ्या बाजूला, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. आई त्या कोपऱ्यात बसली, तिथंच मी जन्मलो. मुलीला शोधा म्हणून ती दिरांना सांगत राहिली. त्यांनी दोन माणसं पाठवली म्हणे. माणसं घोडेगावपर्यंत जाऊन परत आली. डोंगरात शेकडो बायका, कुठल्या बाईला विचारणार? शिवाय मुलगीच ती, मुलगा असता तर चुलते स्वतः गेले असते. हे मी त्यांच्या तोंडावर बोललोही आहे, आणि त्यांनी नाकारलं नाही. वर्षानं आई कोपऱ्यातून उठली तेव्हा छावणी मोडली होती आणि माळावर कुणीतरी मटकी पेरली होती.

मी हाताशी आल्यावर चुलत्यांनी जुन्नरला मला दुकान थाटून द्यायचं ठरवलं. आई म्हणाली, घोडेगावला. डोंगरातल्या बायका घोडेगावच्या बाजाराला येतात. झालं, जुन्नरसारखी भरली पेठ सोडून मी घोडेगावात लुगडी आणि खणांचं दुकान मांडून बसलो. बाजाराच्या दिवशी आई दुकानात माझ्या मागे बसायची आणि समोर आलेल्या प्रत्येक डोंगरातल्या बाईकडे अशी टक लावून बघायची की गिऱ्हाईक बावरून उठून जायचं. "शेट, तुमची म्हातारी डोळ्यांनी खाती बगा," असं एकीनं मला सांगितलंसुद्धा.

एका पावसाळ्यात आई आजारी पडली. दम लागायचा, पाय सुजायचे. वैद्यानं मला बाजूला घेऊन काय ते सांगितलं. आईला न सांगताही कळलं असावं. ती म्हणाली, "मला भेटव म्हणत नाही. ती जगली की मेली, एवढं मला कळलं पाहिजे. एवढं कर, मग मी तुला काही मागणार नाही." आई माझ्याशी मारवाडीत बोलायची, इथं मी ते मराठीत लिहितो आहे.

भाटाच्या वहीत मुलगी नाही, पण सरकार मुलींनाही मोजतं, हे मला ठाऊक होतं. मी घोडेगावच्या कचेरीत अर्ज दिला. तिथला दप्तराचा कारकून पान खाणारा, सावकाश माणूस होता. "सरकारी काम आन् सहा महिने थांब," हे त्यानं मला पहिल्याच दिवशी हसत ऐकवलं, आणि शब्दाला जागला. सहा महिने मी दुपारी दुकान बंद करून कचेरीच्या मागच्या खोलीत बसत होतो. कागद रुमालात बांधलेले, एकेका रुमालावर गावाचं नाव. गाठ सोडली की धूळ नाकात जायची आणि कसर पानांतून पळायची. गावोगावची जन्माची बुकं, मरणाची बुकं, सगळी मोडीत. मोडी मला दुकानामुळे येत होती, नाहीतर तेवढ्यासाठी आणखी एकाच्या पाया पडावं लागलं असतं.

मी आधी मरणाची बुकं घेतली. खरं सांगतो, मला ती मेलेली सापडायला हवी होती. चार वर्षांची मुलगी, मारवाडी, ताप, एवढी एक ओळ मिळाली असती तर आई रडली असती, तेरा दिवस गेले असते, आणि आम्ही दोघंही सुटलो असतो. डोंगरातल्या एकेका गावाचं बुक मी बोट फिरवत वाचलं. पटकी, ताप, देवी, साप, बाळंतपण. कितीतरी मुलं. आमची नाही. संध्याकाळी घरी गेलो की आई तोंडाकडे बघायची, मी मान हलवायचो, ती पान वाढायची. सहा महिने आमच्यात याखेरीज फारसं काही घडलं नाही.

मग एका दुपारी कारकुनानं आपण होऊन एक वेगळा रुमाल पुढं टाकला. "ह्ये बगा, तुमच्या छावनीचं बुक. उंदरांनी अर्धं खाल्लंय."

वडिलांचं नाव उरलेल्या अर्ध्यात होतं. पहिल्यांदाच मी ते सरकारी अक्षरात पाहत होतो. गाव मारवाड, जाणार जुन्नर, सोबत बायको. पुढच्या रकान्यात मुलं किती ते लिहायचं होतं. तिथं लिहिलं होतं, 'नाहीत'.

मी ती ओळ चार वेळा वाचली. पंचवीस वर्षं जिच्यापायी मी घरात उपऱ्यासारखा जगलो, जिच्यासाठी जुन्नर सोडलं, ती नव्हतीच? तापात आईच्या डोक्यात शिरलेलं काहीतरी मी धुळीतून उपसत बसलो होतो? मी सरळ घरी गेलो आणि दारातूनच ओरडलो, "सरकारच्या बुकात मुलगी नाही. तुम्हाला मूलच नव्हतं, असं लिहिलंय."

आई तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"मीच तसं सांगितलं," ती म्हणाली.

पंचवीस वर्षांत हे तिनं मला, चुलत्यांना, कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलगी कुंपणापलीकडे दिल्यावर ती दरवाजातून आत गेली तेव्हा टेबलाशी बसलेल्या माणसानं दुभाष्याकडून विचारलं, मुलं किती? तिला वाटलं, एक आहे म्हटलं की हे शोधून आणतील आणि आत कोंडतील. आमच्यात तसंही कुणी मुलं मोजायला लागलं की आई खरा आकडा सांगत नाही, दृष्ट लागते. दोन असली तर एक सांगायचं, एक असलं तर आहे कुठलं म्हणायचं. गावी सगळ्या बायका असंच सांगायच्या, आणि तिथं ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असायचं. तिनं मान हलवून सांगितलं, नाही. त्या माणसानं ते लिहून टाकलं.

"मी तोंडानं तिला नाही म्हटलं," आई म्हणाली, "म्हणून देवानं खरं केलं." आमच्या जैन धर्मात देव असं काही करत नाही, हे तिला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. मी तिच्याशेजारी बसलो. ओरडल्याची लाज वाटत होती, पण तसं म्हणायची आमच्या घरात पद्धत नव्हती. मी सूप ओढलं आणि उरलेले तांदूळ निवडले.

त्यानंतर मी शोध सोडला असता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं मनाला सांगून झालंही होतं. पण त्या कारकुनालाच माझी कीव आली असावी. तो म्हणाला, "महाळुंगे पडवळला एक म्हातारा देवीडॉक्टर ऱ्हातो. पेन्शनीत निघालाय. डोंगरातल्या पोरांना टोचायला त्योच जायचा. कचेरीत काय सापडंल ते सापडंल, त्याच्या घरी त्याच्या जुन्या वह्या हायेत."

देवी टोचणाऱ्याला आमच्याकडे सगळे देवीडॉक्टर म्हणत. मी गेलो तेव्हा तो ओट्यावर बसून दोर वळत होता. डोळे अधू झाले होते, पण आवाज खणखणीत. माझं सगळं ऐकून तो आधी खूप हसला. "पोरगी जन्माच्या बुकात हुडकत व्हता व्हय? आवो, डोंगरात जन्म लिवायला जातंय कोन? मी गेलो की बाया पोरांना कणगीत लपवायच्या. कणगीतनं काडून मी टोचलीयेत. माज्या वहीत जेवडी पोरं हायेत तेवडी तुमच्या सरकारच्या बापाकडं न्हाईत."

त्याला आता अक्षर दिसत नव्हतं म्हणून मी वाचायचो, तो ऐकायचा. गाव, घर, मूल, वय, उजवा दंड, डावा दंड, फोड आले की नाही. तीन दिवस मी महाळुंग्याला जात होतो. छावणीनंतरच्या हिवाळ्यातली वही निघाली. आहुपे गावाची पानं मी वाचत होतो. एका कोळ्याच्या घरातली पाचेक वर्षांची मुलगी, आणि पुढं शेरा, 'आधीच टोचलेली'.

"थांबा," म्हातारा म्हणाला. दोर त्यानं खाली ठेवला. "काय लिवलंय?"

मी पुन्हा वाचलं.

"आहुप्याला सुई घिऊन पयल्यांदा मीच गेलो व्हतो. माज्या आदी तिथं कुनी गेलं न्हवतं. मंग हिच्या दंडावर टोचल्याचं वण आलं कुटनं?"

मी घरी येऊन आईला विचारलं, गावाकडे तिला टोचलं होतं का? आई म्हणाली, "हो, राजाचा माणूस आला होता. दोन दिवस ताप होता तिला. फार रडली." मग तिनं माझं मनगट धरलं. मी म्हटलं, "अजून काही नाही. जाऊन येतो."

आहुपे म्हणजे तेव्हा दोन दिवसांची चाल. वाट ओळखणारा एक गडी सोबत होता. शेवटची चढण मी चिडत, थांबत, दोनदा परत फिरायचं ठरवून चढलो. देवराईच्या कडेनं वाट जाते, तिथं पडलेली काटकीही कुणी उचलत नाही; त्या सावलीत बसून मी स्वतःला विचारलं, आता काय सापडलं तर तुला बरं वाटेल? मग उठून चालू लागलो.

घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात हिरडा वाळत घातला होता आणि पन्नाशीची एक बाई तो हातानं पसरत होती. मी मारवाडी आहे हे माझ्या पागोट्यावरून तिला कळलं. ती जागची उठली नाही. हिरड्यातले हात तसेच ठेवून म्हणाली, "न्यायला आलास?"

मी म्हटलं, "मावशी, आधी पाणी द्या."

पाणी देऊन ती समोर बसली आणि मी न विचारता बोलायला लागली. "म्या चोरली न्हाई. पंदरा दीस मोजले. दोराला गाठी मारून मोजले. पंदराव्या दिशी पोरीला खांद्यावर घिऊन गेले. दरवाज्यातल्या मानसानं बुक उगाडलं. म्हनला, मारवाड्याला मूलच न्हाई. बुकात न्हाई. मी म्हनलं, ही काय, ही हाय की. त्यो म्हनला, दुसऱ्याची पोर गळ्यात घालाया आलीस, चल नीग. पुन्यांदा आठ दिसांनी गेले. तवा म्हनला, त्यो मारवाडी मेला, त्याची बायकू शुदीत न्हाई, आता ती बी जाईल."

"मग?"

"मंग काय. तिसऱ्यांदा पाय निगाला न्हाई." तिनं एक हिरडा उचलून बघितला आणि परत ठेवला. "खोटं कशाला बोलू राव. माजी लेक त्याच साली गेलती. माघारी येताना मला बरं वाटत व्हतं."

मी सांगितलं की आई मेली नाही. घोडेगावात आहे. त्या बाईचा चेहरा उतरला. तिनं तोंडावर पदर घेतला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आरं द्येवा. मी तिला सांगितलंय, तुजी आय छावनीत मेली. बाप बी, आय बी. दुसरं काय सांगनार व्हते? तुज्या आयनं तुला न्हाई म्हनून लिवलंय, आसं सांगू लेकराला?"

एवढ्यात डोक्यावर पाण्याची घागर घेऊन एक बाई अंगणात आली. तिशीच्या आतली, उंच, पायात जोडवी, दंडावर घागरीचं पाणी ओघळत होतं. ती माझ्याकडे बघून थांबली. तिचं कपाळ माझ्या आईचं होतं. त्याला मी तयार नव्हतो. सहा महिने कागद वाचणाऱ्याला वाटतं की शेवटी कागदच सापडणार.

म्हातारीनं माझ्याकडे बघितलं. तशा नजरेनं माझ्याकडे आजवर कुणी विनवणी केली नाही. मग ती बहिणीला म्हणाली, "तुज्या चुलत्याचा लेक हाय. जुन्नरचा. तुला हुडकत आलाय."

मी मान डोलावली. सख्खा होतो, चुलत झालो. बहिणीनं घागर उतरवली, हात पुसले आणि माझ्या पायाशी वाकली. मी लहान होतो तिच्याहून, पण चुलत भावाचं वय तिला कोण सांगणार? "भाऊ," ती म्हणाली, "माजं बी कुनी हाय म्हना की." आणि चुलीकडे गेली, कारण पावणं उपाशी जाता कामा नये. तिचं लग्न म्हातारीच्या भाच्याशी, त्याच गावात झालं होतं. तीन मुलं होती. भात बरा पिकत होता. ताटात कांदा नव्हता. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तुमच्यात खात न्हाईत, आयनं सांगितलंय." आय म्हणजे म्हातारी.

उतरताना मी ठरवलं होतं की आईला अर्धंच सांगायचं. जगली, सुखी आहे, बस्स. पण आईनं पहिला प्रश्न विचारला तो हा: "ती बाई परत आली होती का?" पंचवीस वर्षं तिनं त्या बाईला चोर ठरवलं होतं. त्यावरच ती जगली होती म्हणा ना. मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि थकलो. मी सगळं सांगितलं. दोराच्या गाठी, दरवाज्यातला माणूस, उघडलेलं बुक.

आई भिंतीला टेकून बसली. "म्हणजे बाई खरी होती," ती म्हणाली.

मी म्हटलं, "मेणा करतो. चार माणसं लावतो. तुम्हाला वर घेऊन जातो. नाहीतर तिला इथं आणतो."

"तिला काय सांगितलंय त्या बाईनं?"

"की तुम्ही छावणीत वारलात."

"मग तसंच राहू दे."

मी चिडलो. एवढं रान तुडवलं ते काय याच्यासाठी? आईनं मला बोलू दिलं. मग म्हणाली, "मी जिवंत आहे म्हटलं की ती पहिलं काय विचारेल? न्यायला का नाही आलीस, हेच ना? मग मी ते बुक सांगू तिला? मेलेल्या आईला कुणी काही विचारत नाही, बेटा. तिची आई चांगली मेली आहे. तिला मध्येच उठवू नको."

वैद्याचं भाकीत चुकलं. आई त्यानंतर चार वर्षं जगली, मुलीपासून दोन दिवसांच्या वाटेवर. मी वर्षातून दोनदा आहुप्याला जाऊ लागलो. जाताना आई दुकानातली थप्पी उलथीपालथी करून एक लुगडं काढायची आणि म्हणायची, "चुलतीनं दिलंय म्हण." परत आलो की खोदून खोदून विचारायची. धाकट्याला दात आले का, छप्पर शाकारलं का, तिचा खोकला गेला का. मला ते सगळं नीट बघून यावं लागे, आणि खरं तर मला त्याचाही कंटाळा यायचा. पण आता जिच्यापायी तो यायचा तिला चेहरा होता.

आईच्या शेवटच्या भाद्रपदात मी सर्वपित्रीला वर होतो. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांचं जेवण त्या दिवशी घालतात. आमच्यात श्राद्ध नाही, त्यामुळे हे मला नवीन होतं. परतलो तेव्हा आई अंथरुणावर होती, बसतं केलं तरच बोलता येई. तिनं विचारलं, "या वेळी काय काय बघितलंस?"

मी सांगू की नको असं करत सांगितलं, की तिनं तुमचं पितर घातलं होतं.

आई हसली. तिला असं हसताना मी फार वर्षांनी पाहिलं. "माझं? काय काय केलं होतं?"

"तांदळाची खीर. वडे. भोपळ्याची भाजी. अळू. कशात कांदा-लसूण नाही. सगळं नवीन भांड्यात रांधलं होतं."

"बाई गं," आई म्हणाली, "एवढं केलं? पानात खीर पुरेशी होती?"

"होती."

"आणि मग?"

"मग पान छपरावर ठेवलं. कावळा घास घेतो, तेव्हा ते पोचलं असं धरतात."

"घेतला?"

वर दाट धुकं होतं, पाऊस भुरभुरत होता. झाडावर कावळा होता, पण खाली उतरेना. मुलं भुकेली बसली होती, कारण त्याच्याआधी घरात कुणी जेवत नाही. म्हातारी म्हणाली, दरसाल असंच करतोय, हिच्या आयचं मन कुटंतरी आडकलंय. हे सगळं मी आईला सांगितलं. मग बहीण अंगणात भिजत उभी राहिली, हात जोडले आणि छपराकडे बघून बोलली, आणि तेवढ्यात धुकं हललं असेल किंवा कावळ्याला भूक लागली असेल, तो उतरला.

"काय बोलली?"

"आये, तू माजी काळजी करू नगं. मी सुखात हाय. तू जेव."

आईनं डोळे मिटले. मला वाटलं तिला झोप लागली. मी उठायला लागलो तर तिनं माझा हात धरून खाली बसवलं.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "तिच्यासारखं सांग."